स्टारड्यू व्हॅली, सात महिने: एक वाफा, एक दिवस

मागच्या दिवाळीत फोनवर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घेतला. आता मृग तोंडावर आला, म्हणजे सात महिने होत आले. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात. कापूस-तूर, आणि विहिरीच्या भरवशावर थोडा गहू-हरभरा.

माझी खेळायची पद्धत ओलितानं ठरवली. हिवाळ्यात आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची लाईन असते. मोटर लावायची, दांडानं पाणी सोडायचं आणि वाफा भरेपर्यंत धुऱ्यावर बसायचं. गेममधला दिवस सकाळी 6 ला सुरू होतो आणि रात्री 2 पर्यंत चालतो. आपल्या घड्याळात ती साधारण 14 मिनिटं. आमच्या विहिरीच्या धारेवर गव्हाचा एक वाफा भरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून गेममधला माणूस झोपवला, की फोन खिशात, फावडं हातात. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, परत बसायचं. झोपलं की गेम आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे लाईन मध्येच गेली तरी काही बिघडत नाही. तिथला माणूस रात्री 2 पर्यंत घरी पोचला नाही तर जागेवरच कोसळतो. अशा कितीतरी रात्री 2 ला मी गुडघाभर गव्हात उभा होतो.

नागपूरचा माझा भाचा हाच गेम नफ्यासाठी खेळतो. कोणत्या बियाण्याला दिवसाला किती सुटतात याचा तक्ता त्यानं केलाय. सगळं शेत एकाच पिकाचं, आणि त्या फळांची दारू. त्याचं चुकतं असं नाही, पण मला ते जमत नाही. आमच्यात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असतेच, धुऱ्याला थोडी ज्वारी, घरापुरता मूग. हात तसेच वळतात. गेममध्येही मी बटाटा, फ्लॉवर, शेंगा, पार्सनिप (गाजरासारखं पांढरं मूळ) असं मिसळूनच लावतो. आणि गेमला हे मानवतं. गावातलं पडकं कम्युनिटी सेंटर उभं करायला मालाच्या याद्या भरून द्याव्या लागतात, आणि वसंत ऋतूच्या यादीत हीच चार पिकं एकेक लागतात. सेंटरमधल्या कोठीघर या खोलीच्या सगळ्या याद्या भरल्या, की आपल्याला काचघर मिळतं, आणि त्यात बारा महिने पीक. मला ते दुसऱ्या वर्षाच्या शरदात मिळालं.

एक नुकसान मात्र सांगतो. इथे प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा, आणि ऋतू पालटला की त्या ऋतूचं पीक रातोरात वाळतं. फ्लॉवरला 12 दिवस लागतात. मी ते वसंताच्या 18 तारखेला लावलं आणि रोज पाणी घालत राहिलो. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी अख्खा पट्टा तपकिरी. बाबा बाजूला चहा पीत होते. फोनमध्ये वाकून म्हणाले, "हे काऊन वाळलं बा?" मी तारखा सांगितल्या. ते बोटांवर मोजायला लागले आणि म्हणाले, "दोन दिवस आंधी पेरतं तं हाती आलं असतं." हिशेब अगदी बरोबर होता. 16 तारखेपर्यंत लावलं असतं, तर 28 ला निघालं असतं. तेव्हापासून मी वहीत पेरणीची शेवटची तारीख लिहून ठेवतो.

बाबांना सगळ्यात नवल वाटलं ते टीव्हीचं. गेममधला टीव्ही उद्या पाऊस म्हणाला, की उद्या पाऊस पडतोच. मी त्यावर कामं बसवतो: आज पाणी घालून झारी क्लिंट लोहाराकडे सुधारायला द्यायची, उद्या पाऊस, परवा झारी परत. एक दिवसही पीक तहानलेलं राहत नाही.

बोंडअळी नाही, रोही (नीलगाय) नाही, रानडुक्कर नाही. फक्त कावळे, आणि एक बुजगावणं आजूबाजूचं बरंच रान राखतं. जागल करून करून डोळे लाल झालेल्या माणसाला याचं किती सुख होतं, ते मी शब्दात सांगू शकत नाही. बाजारभावाचंही तेच. साधी पार्सनिप या वर्षी गेममधल्या 35 नाण्यांना, पुढच्या वर्षीही 35 लाच. माल उत्तम निघाला तर जास्त, कमी कधीच नाही. हे खरं नाही असं काही जण म्हणतात. मला ते हवं आहे. माल गाडीत भरल्यावर भाव पडणार नाही, हे माहीत असताना शेती कशी वाटते, ते मी इथेच पाहिलं.

हा एवढा मोठा गेम एरिक बरोन या एकट्या माणसानं केला, चित्रांपासून संगीतापर्यंत. 2016 साली तो आला. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी वाचावं लागतं, आणि गावकऱ्यांचं बोलणं वाचल्याशिवाय अर्धी गोडी जाते. बाबांना मी वाचून दाखवतो. फोनच्या पडद्यावर शेताच्या एकेका चौकोनी घरावर नेमकं बोट पडत नाही, झारीचं पाणी शेजारी सांडतं.

नव्यानं घेणाऱ्यांनी सुरुवातीला लोभ धरू नये. गावचा सरपंच, लुईस, पार्सनिपचं 15 बियाणं फुकट देतो. अंगात 270 ची ताकद असते आणि एका घराला पाणी घालायला 2 जातात. मी पहिल्या महिन्यात 30 च्या वर रोपं ठेवली नाहीत, त्यामुळे नदीवर मासे धरायला आणि गावात फिरायला दम उरायचा.

सध्या माझा गेम तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, 26 तारखेवर थांबलाय. इकडे घरी सरकी आणून ठेवली आहे, डवऱ्याची पास (कोळपायच्या अवजाराचं पातं) लोहाराकडे आहे. पेरण्या उरकल्या की उरलेले दिवस खेळेन.