बीटलच्या चोकचा कनेक्टर: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

माझ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलला सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर आहे. इंजिन हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही, म्हणजे चोक तापवायला गरम पाणीही नाही. म्हणून चोक, म्हणजे थंड इंजिनला हवा कमी देऊन पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप, विजेवर चालतो. चावी फिरवली की इग्निशन कॉइलच्या १५ नंबर टर्मिनलवरून १२ व्होल्ट येतात, चोकच्या गोल डबीतली हीटिंग वायर तापते, बायमेटल (दोन धातूंच्या पट्टीची) स्प्रिंग सैल पडते आणि चोकची पट्टी काही मिनिटांत हळूहळू उघडते. या सगळ्याचा भार ६.३ मिलिमीटरच्या एका चपट्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कनेक्टरवर.

तो लग हिरवट पडला होता. गाडी गरम झाली तरी रेस चढलेलीच, सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काजळलेले. फिटरचं निदान ठरलेलं: ‘कार्ब बदला’. त्याआधी मीटर लावून पाहिला. इथे एक गंमत आहे. वायर काढून मोजली तर पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण लोडच नसतो. वायर जोडलेली ठेवून, इग्निशन चालू करून, कॉइलचं टोक आणि चोकचं टोक यांच्यात मोजायचं. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त घट म्हणजे सांधा खराब. मोजून झालं की चावी लगेच बंद. प्लॅटिनमच्या (कॉन्टॅक्ट पॉइंटच्या इग्निशनच्या) गाडीत ती उगाच चालू ठेवली तर कॉइल तापते.

पुण्यात नाना पेठेतले दुकानदार तयार वायरिंग सेट घ्या म्हणत होते. मी तापकीर गल्लीतून कल्हई केलेले पितळी लग आणि स्लीव्ह आणले, किरकोळ पैशांत. जुनी वायर तांबं स्वच्छ दिसेपर्यंत मागे कापली, रॅचेटच्या पकडीने लग वायरवर दाबून क्रिंप केला. डाग (सोल्डर) दिला नाही. डाग दिलेली वायर थरथरीने नेमकी डागाच्या कडेला तुटते. डबीची टर्मिनल-पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली आणि डबी धरणारे तीन स्क्रू आवळले. चोकचं अर्थिंग कार्बच्या बॉडीतूनच होतं, आणि ते कोणी बघत नाही!

पावसाळाभर गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये होती, तरी लग अजून पिवळा-पांढरा स्वच्छ. डिसेंबरच्या सकाळी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, मग स्टार्टर. सिंहगड रोडला लागेपर्यंत रेस खाली येते. धूर गेला. ॲव्हरेज किंचित सुधारलं, फार नाही.

तक्रार एकच: स्वस्त पीव्हीसी स्लीव्ह इंजिनच्या उष्णतेने कडक झाली, एका बाजूला चिरली. आता सिलिकॉनची घालणार आहे. आयडल कट-ऑफ व्हॉल्व्हलाही (चावी बंद केली की आयडलचं पेट्रोल तोडणारा) त्याच टर्मिनलवरून वायर जाते, तिचा लग तेवढ्यातच बदलून घेईन.