कॅश स्पेशल कॅप्टिव्ह बोल्ट : गाईबैलांसाठी भरवशाची, म्हशींसाठी नाही

कापण्याआधी गुरांना बेशुद्ध करण्याच्या साधनांत बर्मिंगहॅमच्या ॲक्लेस अँड शेल्व्होक कंपनीची 'कॅश स्पेशल' ही कॅप्टिव्ह बोल्ट बंदूक, म्हणजे नळीतच अडकून राहणाऱ्या दांड्याने ठोका देणारी बंदूक, हे जुने, परिचित नाव आहे. काडतुसाच्या .22 आणि .25 अशा दोन मापांत ती मिळते. हिच्यातून गोळी सुटत नाही. काडतुसाच्या वायूने पोलादी बोल्ट (दांडा) बाहेर येतो, कवटी भेदतो आणि आतल्या रबरी कड्यांच्या रेट्याने परत नळीत जातो. जनावराची शुद्ध हरपते ती मुख्यतः ठोक्याच्या हादऱ्याने, म्हणून बोल्टचा वेग महत्त्वाचा. गाई-बैलांना सेकंदाला साधारण 55 मीटर, वळूंना 70 च्या आसपास वेग हवा.

बंदुकीचा कमकुवत दुवा म्हणजे बोल्टचे परत येणे. काजळी साचली किंवा रबर झिजले की बोल्ट काही मिलिमीटर बाहेरच राहतो. मग त्याच्या मागची पोकळी मोठी होते, तेच काडतूस कमी दाब देते आणि पुढचा ठोका हलका बसतो. घाईत हे लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर बोल्ट पूर्ण आत गेला का ते पाहावे, दिवसअखेर बंदूक खोलून काजळी खरवडावी, तेल द्यावे, झिजलेली रबरे बदलावीत. बोल्टच्या टोकाची कड धारदार असावी. ती बोथट झाली की कातडे आणि हाड कापण्यातच ताकद खर्च होते. सलग वापराने नळी तापली तरी ठोका मंदावतो, त्यामुळे आलटून पालटून वापरायला दुसरी बंदूक हवीच. बेशुद्ध न झालेल्या जनावरावर लगेच दुसरा ठोका देण्यासाठीही तीच हाताशी लागते. काडतुसे हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवावीत. कोकणासारख्या दमट हवेत तर यात हयगय नकोच.

अमेरिकेत 1996 मध्ये पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी कृषी खात्यासाठी पाहणी केली. पहिल्याच ठोक्यात 95 टक्के गुरे बेशुद्ध करू शकणारे कत्तलखाने जेमतेम 30 टक्के निघाले. अपयशाचे मोठे कारण होते बंदुकीची कच्ची देखभाल. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा हा आकडा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

नेम धरताना प्रत्येक डोळ्यापासून समोरच्या बाजूच्या शिंगाच्या बुडापर्यंत रेघ कल्पावी. दोन्ही रेघा छेदतात तिथे नळी कपाळाला काटकोनात टेकवावी. डोळ्यांच्या मधोमध ठोका देणे ही नेहमीची चूक, तो फार खाली बसतो. दुसरा ठोका द्यावा लागला तर पहिल्या जखमेच्या थोडा वर आणि बाजूला द्यावा, कारण सुजलेल्या जागी ताकद जिरते. डोके हलत असेल, फरशी निसरडी असेल, तर कितीही चांगली बंदूक उपयोगाची नाही.

ठोका नीट बसला की जनावर जागीच कोसळते, लयबद्ध श्वास थांबतो, डोळ्याला बोट लावले तरी पापणी हलत नाही. अंग आधी ताठरते, मग पाय झाडले जातात. ही झाडझाड शुद्धीची खूण नव्हे. नजर फिरणे, हंबरणे, मान उचलू पाहणे, पुन्हा श्वास सुरू होणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता दुसरा ठोका. गळ्याची शीर 60 सेकंदांच्या आत कापली गेलीच पाहिजे.

कवटी न भेदणारा, छत्रीसारख्या टोकाचा बोल्ट काही देशांत हलाल कत्तलीसाठी चालतो. पण त्याला नेमातली चूक अजिबात खपत नाही आणि रक्तस्राव 30 सेकंदांत करावा लागतो. युरोपीय संघाच्या 1099/2009 या नियमानुसार रवंथ करणाऱ्यांपैकी फक्त 10 किलोखालच्या जनावरांवर तो वापरता येतो.

महाराष्ट्रात गाय कापायला 1976 च्या कायद्यानेच बंदी होती, 2015 पासून बैल, वळू कापायलाही बंदी आहे, म्हणजे इथे प्रश्न म्हशी-रेड्यांचाच. त्यांच्या कपाळाचे कातडे आणि हाड जाड, हाडातली पोकळी मोठी. गुरांसाठी बनवलेला बोल्ट समोरून मारला तर अनेकदा मेंदूपर्यंत पोचत नाही. डोक्यामागून ठोका द्यायचा तर डोके घट्ट धरणारी चौकट आणि वेगळे प्रशिक्षण लागते. ती व्यवस्था नसलेल्या कत्तलखान्याने म्हशींसाठी कॅश स्पेशल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना जास्त ताकदीचे, लांब बोल्टचे साधनच हवे.