इटलीची पहिली ट्रिप, दोघंच: गावागणिक हॉटेल बदलायचं की दोनच ठिकाणी ठाण मांडायचं?

सध्या ओळखीतल्या दोन-तीन जोडप्यांचं इटलीचं चाललंय आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असं पुढे पुढे सरकत जायचं की दोन गावं पकडून तिथून रोज फिरायचं. आम्ही ठरवून नाही, पण एकाच ट्रिपमध्ये दोन्ही करून बसलो. तेरा रात्री होत्या. त्यातल्या चार रोम, दोन फ्लोरेन्स, दोन व्हेनिस अशा सरकत सरकत आणि उरलेल्या पाच फ्लोरेन्स-व्हेनिसच्या मधल्या बोलोन्या शहरात. बोलोन्या खरंतर शेवटी आराम करायला म्हणून ठेवलं होतं, तिथून एवढं फिरू असं वाटलंच नव्हतं.

रोमबद्दल वाद नाही, कुठलाही प्लॅन घ्या, तिथे चार रात्री द्याच. नेपल्स-पॉम्पेईसुद्धा तिथून एका दिवसात होतं, वेगवान ट्रेनने नेपल्स सव्वा तास आणि पुढे लोकलने पाऊण तास, दमायला होतं पण होतं. प्रश्न रोमच्या पुढचा आहे.

सरकत जाणाऱ्या प्लॅनची बाजू आधी मांडतो, नाहीतर म्हणाल याने आधीच ठरवलंय. कागदावर तो फार छान दिसतो. उलटं मागे यावं लागत नाही, रोमला उतरून व्हेनिसहून परतता येतं. रोम-फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्स-व्हेनिस सव्वादोन तास, म्हणजे आपल्या हिशोबाने काहीच नाही, आपण पुण्याहून मुंबईला मीटिंगला जाऊन येतो. आणि मुक्काम केल्याशिवाय गाव कळत नाही हे मलाही मान्य आहे, विशेषतः व्हेनिसच्या बाबतीत, त्यावर शेवटी येतो.

गोम आहे ती प्रवासाच्या त्या दीड-दोन तासांत नाही. ती आहे सकाळी दहाचं चेकआऊट आणि दुपारी तीनचं चेकइन यांच्यामध्ये. हे मधले पाच तास तुम्ही घर ना दार असे असता. फ्लोरेन्सहून निघताना आमचं सकाळचं तिकीट होतं कारण महिनाभर आधी काढलं की सकाळचं स्वस्त मिळालं आणि ते बदलता येत नव्हतं, साडेबाराला आम्ही व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनबाहेर. राहायची जागा म्हणजे जुन्या घरातल्या खोल्या, रिसेप्शन वगैरे नाही, किल्लीच्या पेटीचा कोड तीन वाजता मेसेजने येणार. स्टेशनात सामान ठेवायची सोय होती पण रांग बघूनच बायको म्हणाली राहू दे. मग काय, स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलो. समोर ग्रँड कनाल, पलीकडे चर्चचा हिरवा घुमट, बोटींची ये-जा, आयुष्यभर फोटोत बघितलेलं सगळं समोर, आणि आमचं काय चाललंय, तर एकाने बॅगांपाशी बसायचं आणि दुसऱ्याने जाऊन यायचं. ती शेजारच्या स्काल्झी पुलावर जाऊन फोटो काढून आली, मग मी गेलो. ती बाथरूमला गेली, मग मी. सँडविचसुद्धा पाळीपाळीने. अडीच तास. दोघंच म्हणून पहिल्यांदा एवढ्या लांब आलो आणि व्हेनिस बघितलं एकेकट्याने, वॉचमनच्या शिफ्ट बदलाव्यात तसं.

त्यानंतर पूल. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, हे वाचलेलं होतं, पण तेवीस किलोची बॅग (त्यात चिवडा आणि मेतकूट कोणाच्या आग्रहाने होतं ते विचारू नका) घेऊन पाचवा पूल चढताना ते वेगळं कळतं. पाण्यावरच्या बसने जायचं तर एकाचं तिकीट साडेनऊ युरो आणि उतरल्यावर पुन्हा दोन पूल आहेतच. पुढे तिसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही. तिथले मजले आपल्यासारखेच तळमजला सोडून मोजतात, तेवढीच काय ती ओळखीची गोष्ट.

असं प्रत्येक गाव बदलताना होईलच असं नाही, कुणी चांगल्या हॉटेलात राहिलं तर ते सकाळी नऊला पण हसतमुखाने बॅगा ठेवून घेतात, आमच्या फ्लोरेन्सच्या हॉटेलने घेतल्याच होत्या. तरी तुम्ही मोजून बघा. मी घरी आल्यावर बायकोच्या फोनमधले फोटो दिवसावारी पाहिले, फिरण्याच्या दिवशी दीडशे-दोनशे, गाव बदलण्याच्या दिवशी पंधरा-वीस, आणि त्यातला एक तर नुसता बॅगांचा. माझ्या लेखी हेच मोजमाप.

दुसरी भानगड वारांची. आम्ही रविवारी संध्याकाळी फ्लोरेन्सला पोचलो आणि दोन रात्रींमधला जो एकमेव पूर्ण दिवस तो नेमका सोमवार. सोमवारी उफिझी हे चित्रांचं मोठं संग्रहालय बंद आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियापण बंद. चूक आमचीच, पण गावाला एकच दिवस दिला की अशी चूक सुधारायला जागाच राहत नाही.

ती सुधारली बोलोन्याने. तिथून फ्लोरेन्स वेगवान ट्रेनने चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. आम्ही शुक्रवारी सकाळी पाठीवर छोटी सॅक टाकून गेलो, डेव्हिड बघितला, उफिझी बघितलं, संध्याकाळी परत. आणि गंमत म्हणजे ज्या फ्लोरेन्समध्ये दोन रात्री राहिलो त्यापेक्षा या एका दिवसाचं फ्लोरेन्स जास्त आठवतं.

बोलोन्याचं नाव आपल्याकडच्या टूरच्या पत्रकात सहसा नसतं, असलं तर जेवणापुरतं. पण रेल्वेच्या दृष्टीने ते आपल्या मनमाड-भुसावळसारखं, सगळीकडच्या गाड्या तिथून जातात. व्हेनिस दीड तास, मोदेना अर्धा तास, फेरारा अर्धा तास, व्हेरोना तासाभराचं, राव्हेन्ना सव्वा तास. राव्हेन्नाला तर आम्ही आदल्या रात्री जेवताना ठरवून गेलो. सान व्हिताले नावाचं सहाव्या शतकातलं चर्च आहे, आत मोझेइकमध्ये सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा, दीड हजार वर्षांपूर्वीचे दगड-काचेचे तुकडे आणि हिरवा-सोनेरी रंग असा की काल बसवलेत. कवी दान्तेची समाधीपण त्याच गावात. साध्या पॅसेंजर गाड्यांना आधी बुकिंग लागत नाही, दर ठरलेला, ऐनवेळी काढा (कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर दंड). एक दिवस पाऊस लागला तर कुठेच गेलो नाही, बोलोन्याच्या मध्यवस्तीतच अडतीसेक किलोमीटरचे पोर्टिको, म्हणजे छताखालचे कमानींचे फुटपाथ आहेत, गिरगावातल्या जुन्या चाळींखालून पावसात न भिजता जावं तसं दिवसभर हिंडलो.

दोष सांगायचे तर आहेत. रोजचं जाणं-येणं आहे, शेवटच्या दोन दिवशी मलाच कंटाळा आला. बोलोन्याच्या स्टेशनात वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत, दहा मिनिटं हातात ठेवा, आमची एक गाडी डोळ्यांदेखत गेली. खाणं मांसाहारी वळणाचं, टॉर्टेलिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस असतं, शाकाहारी असाल तर रिकोटा चीज भरलेले टॉर्टेलोनी मागा. आणि रोज दिवसाचे फेरेच मारायचे तर व्हेनिस त्यात कमी पडतं. शिवाय ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ते २०२४ पासून प्रवेशशुल्क घेतात, पाच युरोपासून पुढे, ते ऑनलाइन आधी भरावं लागतं.

व्हिसाच्या फाइलचं पण बोलून ठेवतो, प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं, दोन हॉटेलं असली की दोनच कागद आणि तारखा जुळवायचा घोळ कमी.

तुम्ही तिशीत असाल, एकेक सॅक घेऊन फिरणारे असाल, तर माझं ऐकू नका, सरकत जा, मजा येईल. आम्ही पन्नाशीच्या अलीकडचे आणि माझा डावा गुडघा पावसाळ्यात बोलतो, त्यामुळे असेल कदाचित, पण पुन्हा जायचं झालं तर मी रोम पाच आणि बोलोन्या आठ असं करीन.

फक्त बायकोला हे पूर्ण पटलेलं नाही. तिचं म्हणणं, संध्याकाळी सहानंतर दिवसाची गर्दी ओसरली की व्हेनिसच्या गल्ल्यांमध्ये आपल्याच पावलांचा आवाज येतो, ते आपण राहिलो म्हणून ऐकलं. आणि त्यात ती बरोबर आहे. तर आमचा तह असा झालाय की आठातल्या एका रात्री मोठ्या बॅगा बोलोन्याच्या हॉटेलातच खोलीत ठेवायच्या, एका रात्रीचे दोन ठिकाणी पैसे गेले तर जाऊ देत, आणि एक सॅक घेऊन व्हेनिसला. मेतकूट बोलोन्यातच राहील.