बागेतल्या नाताळ-मेळ्याचा पास: क्यूआर एक, गिऱ्हाइकं दहा

डिसेंबर लागला की पणजी, मडगाव, म्हापशाकडे बागांत रोषणाई, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, खाण्याचे स्टॉल, मुलांचे पाळणे सुरू होतात. 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव) आटोपलं की शनिवार-रविवारी डिचोली, साखळी, फोंड्याकडची कुटुंबं संध्याकाळी गाडी काढतात. बांदा-सावंतवाडीहूनही माणसं येतात. बनावट पास विकणाऱ्यांचा डोळा नेमका यांच्यावर असतो. लांबचा प्रवास, बरोबर मुलं आणि आजी-आजोबा, गेटवरून परत फिरायची कुणाची तयारी नाही. त्यामुळे पास आधीच हातात असलेला बरा, असं वाटतं.

मुळात पास लागतो का, हे आधी पाहा. बागेतले काही कार्यक्रम मोफत असतात, पैसे लागतात ते पाळण्यांना आणि खाण्याला. मोफत कार्यक्रमाचे ‘फॅमिली पास’ विकणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार: आयोजकांचं पोस्टर उचलायचं, खालचा नंबर बदलायचा, झालं.

तिकीट खरोखरच असेल तिथे खेळ जास्त पक्का असतो. विकणारा एक खरं तिकीट घेतो आणि त्याचीच पीडीएफ दहा जणांना पाठवतो. तिकीट बनावट नसल्याने निरखून काही कळत नाही. छपाई, लोगो, तारीख सगळं बरोबर. पण गेटवरचं यंत्र एक क्यूआर एकदाच मान्य करतं. जे कुटुंब आधी पोचलं ते आत, उरलेल्या नऊ जणांना ‘आधीच वापरलेले’ असं उत्तर. गेटवरच्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नसतो, त्याच्या यादीत तुमचं नाव नाही. तेव्हा तिकिटाकडे बघत बसण्यापेक्षा ते कुणाकडून घेतलं ते बघा. ‘आमचं जाणं रद्द झालं, निम्म्या किमतीत देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेऊच नका.

उलट बाजूही आहे. स्वतःचं खरं तिकीट स्टेटसवर टाकलं की कुणीही त्याचा फोटो उचलून तुमच्या आधी आत जाऊ शकतो. क्यूआरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून भागत नाही. या कोडमध्ये चूक भरून काढायची सोय असते, आणि सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मिरवायचंच असेल तर क्यूआर पूर्ण कापून टाका.

पैसे घेण्याची रीत ठरलेली. आधी जागा राखायला थोडं टोकन, मग ‘परत मिळणारी अनामत’, मग नावनोंदणीसाठी आधारचा फोटो. प्रत्येक टप्प्याला ‘शेवटचे दोनच पास उरलेत’. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर जे नाव येतं ते खातेदाराचं असतं. मेळ्याच्या आयोजकांऐवजी भलत्याच कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. वेबसाइटच्या पत्त्यापुढच्या कुलपावर विसंबू नका. त्याचा अर्थ संपर्क सुरक्षित आहे इतकाच, मालक प्रामाणिक आहे असा नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदवलं ते ‘हूइज’ या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर फुकट पाहता येतं. पंधरा दिवसांपूर्वीचं निघालं तर पैसे भरू नका.

‘तिकीट आमच्या अॅपमध्येच दिसेल’ म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल) आली तर ती मुळीच उघडू नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचे ओटीपी तिथेच येतात. यात नुकसान पासाच्या किमतीवर थांबत नाही.

बागेबाहेर पार्किंगला पावती मागा. स्टॉलवरचा क्यूआर जुन्यावर चिकटवलेला दिसला तर आधी दुकानदाराला नाव विचारा, मगच पिन टाका.

पैसे गेलेच तर आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण समोरचा ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करून मोकळा होतो. मग लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर (संदर्भ क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममध्ये असे पळतात. जिथे अजून पडून आहेत तिथेच ते गोठवता येतात, म्हणून ‘मेळा बघून येऊ, सोमवारी बघू’ चालत नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते.

त्यानंतर दोन-चार दिवसांत ‘रिफंड विभागातून’ फोन येऊ शकतो. तुमचं नाव, रक्कम, मेळ्याची तारीख सगळं त्याला माहीत असतं, कारण तीच टोळी. तो क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फोन ठेवा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.