मिक्सिंगसाठी हेडफोन: एकेजी के२४० स्टुडिओ की ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स?

ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत बसवणं, करायचं तर पहिला प्रश्न बाहेरच्या गोंगाटाचा. के२४० अर्धखुला आहे, म्हणजे त्याच्या कपांतून आवाज थोडा आत-बाहेर जातो. हॉर्न, पंखा सगळं आत येतं आणि गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमधला क्लिक (तालाची टकटक) माइकमध्ये गळतो. एम४०एक्स बंद असल्याने दोन्ही त्रास बरेच कमी.

तरी खिडक्या लावून रात्री मिक्स करणाऱ्यांनी के२४० घ्यावा. गायकाचा आवाज आणि हार्मोनियम कुठे एकमेकांवर चढतात, रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी किती लांबते, हे त्यात मोकळं ऐकू येतं. उणीव खालच्या बासची. तो कमी ऐकू येतो म्हणून डग्गा वाढवला जातो आणि गाडीत तोच घुमतो. एम४०एक्समध्ये बास किंचित उठलेला, त्यामुळे उलट चूक होते: डग्गा कमी ठेवला जातो आणि मिक्स पातळ. दोन्हींवर उपाय एकच. ओळखीचं गाणं त्याच आवाजपातळीवर लावून डग्गा ताडून पाहा.

के२४० चा विद्युत अवरोध ५५ ओहम, पण संवेदनशीलता कमी, म्हणजे तेवढ्याच सिग्नलवर आवाज कमी. लॅपटॉपच्या जॅकवर दबतो, ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी) हवाच. ३५ ओहमचा एम४०एक्स फोनवरही चालतो. मात्र ठाण्याच्या दमटपणात त्याच्या गाद्यांखाली कान घामेजतात. वायर दोन्हींची बदलता येते.

त्याच खोलीत गायनही रेकॉर्ड करायचं असेल, तर एम४०एक्सच.