७४९ चा डोक्याला लावायचा हेडलॅम्प, रात्री शिंगटा मासा धरायला घेतला होता (साडेतीन स्टार)

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच माल ऑनलाइन पाच-सहा नावांनी विकायला आहे, खोका वेगळा आत सगळं तेच. मार्चमध्ये घेतला, मे संपेपर्यंत उरमोडी नदीवर सात-आठ रात्री वापरला. पावसाळ्यात चढणीचा मासा अंड्यावर असतो त्यामुळे तेव्हा मी गळ टाकत नाही, म्हणून आता निवांत बसून लिहितोय.

घेतला फक्त लाल लाइटसाठी. शिंगटा काय किंवा शिवडा काय, हे मिशीवाले मासे रात्री चरायला निघतात, डोळ्यांपेक्षा मिशांवर आणि वासावर जास्त चालतात, म्हणून तर कलेजीचा तुकडा नाहीतर गांडुळांचा घोस तळाला सोडून बसलं तरी भागतं. मग उजेडानं काय फरक पडतो, असं धरणावर बसणाऱ्यांना वाटेल. पण धरणावर तुम्ही गळ लांब फेकता, आमच्या नदीला उन्हाळ्यात डोह सोडला तर गुडघाभर पाणी, मासा पायापासून दहा फुटांवर असतो. तिथं पांढरा झोत पाण्यावर पडला की पुढचा अर्धा तास गळाला बांधलेलं घुंगरू (मासा ओढतो तेव्हा वाजतं ते) वाजायचं नाव घेत नाही. (मामा म्हणतो उजेडानं नाही, तू पाय आपटत चालतोस त्यानं पळतात. तेही असेल.)

तर लाल लाइट खरंच मस्त आहे. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि पांढरा एकदा लावला की ती सगळी वाया, लालमध्ये तसं होत नाही, गांडूळ लावून मान वर केली की पलीकडचा काठ दिसतो. किडेही कमी येतात, पांढऱ्यात तर चिलटं थेट चहाच्या कपात.

आता वैताग. बटण एकच! लालवर जायचं तर आधी पांढरा फुल, मग पांढरा कमी, मग ती लुकलुक, आणि मग कुठं लाल. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे दिले तिथं पोचेपर्यंत अख्ख्या डोहाला वरात आल्यासारखं वाटतं. पलीकडे बसलेल्या एकानं एका रात्री जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी पांढऱ्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन पदर रबरबँडनं लावले आणि पांढरा लागेल तेव्हा कागद सरकवायचा, पाच रुपयांत काम झालं.

कारण पांढरा लागतोच. लाल उजेडात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) दिसत नाही आणि शिंगट्याचा काटाही दिसत नाही, हे मी हात फोडून घेऊन शिकलोय. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा, विषारी, अंगठ्यात घुसला तर खांद्यापर्यंत ठणका गेला. घरी येऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात धरला तेव्हा उतरलं, त्या उष्णतेनं विषाचा जोर कमी होतो. तेव्हापासून गळ काढताना पांढराच लाइट, आणि मासा फडक्यात धरून.

बॅटरीवर ९००० एमएएच छापलंय, ते विसरा. आत १८६५० चा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एक सेल आहे, त्या मापात चांगल्यातला चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास असतो. माझा पांढऱ्या फुलवर अडीच तास चालला, लालवर मात्र पहाटेपर्यंत. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, पाण्यात पडला तर तुमचं तुम्ही बघा. पट्टा घामानं सैल पडतो.

परत जाताना पायवाटेवर पांढरा फुल लावा, कंजूषपणा नको, उन्हाळ्यात घोणस-फुरसं रात्रीच बाहेर असतात. आणि वर धरण असेल तर पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवून अधूनमधून त्यावर उजेड मारायचा, दगड भिजला की विचार न करता सामान उचलायचं, पाणी सोडलेलं असतं. त्याला हा लॅम्प पुरतो, वीस-पंचवीस पावलांवरचा दगड स्वच्छ दिसतो.

लालला वेगळं बटण असतं तर साडेचार दिले असते. मामानं मेमध्ये एकदा 'बघू रे' म्हणून डोक्याला लावला तो अजून परत आलेला नाही, म्हणून दोन बटणांचा एक बघून ठेवलाय, १,१०० ला आहे, दिवाळीनंतर घेईन.