विंडोज १०च्या मशीनवर लिनक्स मिंट २२

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) हवं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे आय३, आय५ असलेली धडधाकट मशिन्स केवळ यादीत नाहीत म्हणून बाद झाली. अशा मशीनवर आज काय टाकावं, याचं माझं उत्तर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिची सिनॅमन आवृत्ती. मात्र मिंट टाकून पस्तावलेल्यांच्या तक्रारी नीट पाहिल्या, तर बहुतेकांचं मूळ इन्स्टॉलच्या आधी न केलेल्या तपासणीत सापडतं. म्हणून या परीक्षणात डेस्कटॉपच्या देखणेपणापेक्षा त्या तपासणीला जास्त जागा दिली आहे.

मिंट २२ जुलै २०२४मध्ये आलं. त्याचा पाया उबुंटू २४.०४ एलटीएस, म्हणजे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची दीर्घ सपोर्टची आवृत्ती, त्यामुळे सुरक्षा अपडेट्स एप्रिल २०२९पर्यंत मिळणार. २२.१, २२.२ ही याच मालिकेतली पुढची पावलं. त्यांच्यासाठी पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही, अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूतून तिथे जाता येतं. थेट उबुंटूच का नाही? मुख्य कारण स्नॅप, म्हणजे ॲप्स देण्याची उबुंटूची स्वतःची पद्धत. उबुंटूत फायरफॉक्ससुद्धा स्नॅप म्हणून येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना जाणवण्याइतका वेळ घेतो. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलं आहे आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात दिला आहे. फेडोरा हे आणखी एक लिनक्स उत्तम आहे, पण त्याच्या प्रत्येक आवृत्तीला सपोर्ट जेमतेम तेरा महिने. घरातल्या ज्या मशीनवर आईवडील बँकेचं काम करतात आणि मुलं अभ्यास करतात, तिथे दरवर्षी मोठं अपग्रेड नको.

मिंट सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन डेस्कटॉपच्या रूपांत मिळतं, त्यांत एक्सएफसीई सगळ्यात हलकं. अधिकृत गरज २ जीबी रॅम, शिफारस ४ जीबीची. प्रत्यक्षात ८ जीबी असेल तर डोळे मिटून सिनॅमन घ्या. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, पण त्याने चमत्कार होईल अशी आशा ठेवू नका. डेस्कटॉप वाचवतो ती मेमरी काहीशे एमबी, आणि ब्राउझरचे दहा टॅब ती लगेच गिळतात. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी साटा एसएसडी बसवा. तेवढ्या एका बदलाने जो फरक पडतो, तो कुठल्याही हलक्या डेस्कटॉपने पडत नाही. प्रोसेसर ३२-बिट असेल तर हा विषय इथेच संपतो, कारण मिंट २२ फक्त ६४-बिट आहे.

मिंट आयएसओ फाइलच्या रूपात डाउनलोड होतं आणि ती तीन जीबीच्या आत-बाहेर असते, तेव्हा ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. पेनड्राइव्ह तयार करायला विंडोजवर रुफस हा प्रोग्राम चांगला. त्यात फाइल निवडली की बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ, मिळते. ती मिंटच्या डाउनलोड पानावरच्या बेरजेशी ताडून पाहा. इन्स्टॉल मध्येच अडकणं किंवा विचित्र एरर येणं, यामागे बऱ्याचदा अर्धवट उतरलेली फाइल असते. रुफसने मोड विचारला तर आयएसओ मोड ठेवा. त्याने पेनड्राइव्ह बूट झाला नाही, तरच डीडी मोड. डीडी मोडनंतर तो पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही. तो बिघडलेला नसतो, नंतर फॉरमॅट केला की पुन्हा वापरता येतो.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो आणि त्याची कळ कंपनीनुसार वेगळी: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या कित्येक लॅपटॉपवर एफ१२ आधी बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की इन्स्टॉलचा आयकॉन समोरच दिसतो. त्याला हात लावू नका. या लाइव्ह अवस्थेत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, आणि तुमचं मशीन मिंटला मानवतं का हे फुकटात कळण्याची हीच वेळ. वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावून आवाज पाहा, वेबकॅम, ब्लूटूथ, ब्राइटनेसच्या कळा तपासा, प्रिंटर जोडून एक पान छापा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपेतून नीट जागं न होणं हा जुन्या लॅपटॉपवरचा सगळ्यात चिवट दोष आहे आणि तो इथेच उघडा पडतो. वेग मात्र इथे जोखू नका. पेनड्राइव्हवरून सगळं मंदच चालतं.

वायफाय दिसलं नाही तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची किंवा रिअलटेकची. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच असतो आणि ड्रायव्हर मॅनेजर तो इंटरनेटशिवायही बसवू शकतो. बाकी वेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला लॅनसारखंच ओळखतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि स्क्रीन काळीच राहिली, तर पुन्हा बूट करून पहिल्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड निवडा. योग्य ड्रायव्हर इन्स्टॉलनंतर घालता येतो.

आता विंडोजच्या बाजूची कामं, आणि ही टाळू नका. पहिलं, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. बऱ्याच लॅपटॉपवर तो ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने आपोआप चालू झालेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. बायॉसमध्ये काही बदललं की पुढच्या बूटला तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा, किंवा एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून डिस्क मोकळी होईपर्यंत थांबा. तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद. तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटला विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. ‘माझ्या डी ड्राइव्हवर सेव्ह होत नाही’ ही तक्रार जवळपास नेहमी इथली.

चौथी गोष्ट डिस्कच्या मोडची. लाइव्ह मिंटमध्ये पेनड्राइव्ह दिसतो पण आतली एसएसडी दिसतच नाही, असं झालं तर बायॉसमध्ये साटा मोड इंटेल आरएसटी किंवा रेडवर आहे का पाहा. तो एएचसीआय करायला हवा. विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबेल. आधी बिटलॉकर थांबवा, मग एमएसकॉन्फिगमध्ये (msconfig) बूटच्या पानावर सेफ बूटला खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या आणि खूण काढून पुन्हा सुरू करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा.

दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, श्रिंक व्हॉल्यूमने काढा. मिंटची किमान गरज २० जीबी, शिफारस १०० जीबी; निव्वळ घरगुती वापराला ६० जीबीत भागतं. डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज थोडीशीच जागा सोडायला तयार होतं, कारण हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट्स जागचे हलत नाहीत. ती तिन्ही तात्पुरती बंद करून रीस्टार्ट केलं की आकडा वाढतो. आणि एमएसइन्फो३२ (msinfo32) उघडून बायॉस मोड लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी) ते बघा. पेनड्राइव्ह त्याच मोडमध्ये बूट करायचा. नाहीतर ‘विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा’ हा पर्याय येतच नाही आणि लोक घाबरून भलतंच काही निवडतात.

खुद्द इन्स्टॉलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते सोपं आहे. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीला खूण करा. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरलाच बूट होऊ देणारी सोय, चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड ठरवायला सांगतील. इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि कळ दाबायला दहाच सेकंद मिळतात. कळ दाबून ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तोच पासवर्ड. ही स्क्रीन हुकली तर एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, आणि कारण कुठेच लिहून येत नाही. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर एक खाचखळगा आहे: मिंट दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बऱ्याचदा पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवतो. पुढे पहिली डिस्क काढली की मिंट सुरूच होत नाही. इन्स्टॉलपुरती विंडोजची डिस्क काढून ठेवणं किंवा बायॉसमधून बंद करणं हा खात्रीचा उपाय.

पहिल्या लॉगिननंतर टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमचे स्नॅपशॉट (त्या वेळच्या प्रती) ठेवणारं टूल, लावा, बाकी सगळं नंतर. त्यात आरसिंक ही पद्धत निवडा, रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट पुरतात. जास्त ठेवले तर छोटी एसएसडी भरते. एखाद्या अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून टाइमशिफ्ट उघडायचं, कालचा स्नॅपशॉट परत आणायचा, काम झालं. मिंटची माझ्या लेखी सगळ्यात मोठी जमेची बाजू ही. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टिम फाइल्ससाठी आहे. होम फोल्डरमधले तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते मुद्दाम वगळतं, तेव्हा त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचाच. मग अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर मॅनेजर, आणि फायरवॉल. फायरवॉल असते, पण बंद असते. एका बटणाने चालू होते.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट वाढवताना मराठी इनस्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक दोन्ही मिळतात. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं टूल आणि त्याचं एम१७एन पॅकेज (ibus-m17n) बसवून मराठी आयट्रान्स निवडा; विंडोजवरच्या टूल्ससारखे शब्द सुचवले जात नाहीत, नियम मात्र पक्के आहेत आणि आठवडाभरात हात बसतो. मंगल आणि निर्मला हे फाँट मायक्रोसॉफ्टचे, ते मिंटमध्ये नसतात. त्यांत बनवलेली फाइल लिबरऑफिसमध्ये दुसऱ्या देवनागरी फाँटमध्ये उघडते, अक्षरांची रुंदी बदलते आणि बारा पानांची फाइल तेरा पानांची होते. मजकूर शाबूत असतो. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधल्या जुन्या फाइल्सचं मात्र वेगळं: तो फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. फाँटची टीटीएफ फाइल विंडोजमधून आधीच उचलून ठेवा. मिंटमध्ये ती दोनदा क्लिक करून बसवता येते.

उणिवा स्पष्टच सांगतो. स्क्रीनवर चित्र उमटवायला सिनॅमन अजून एक्स११ ही जुनी यंत्रणा वापरतं, वेलँड ही नवी त्यात प्रायोगिक आहे. त्यामुळे एक साधा आणि एक फोर-के मॉनिटर एकत्र लावून दोन्हींवर वेगळं स्केलिंग हवं असेल तर धूसरपणा आणि अडखळणं आहे. अशा जोडणीला फेडोरा बरा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप डेस्कटॉपवर चालत नाहीत. लिबरऑफिस साध्या वर्ड फाइल्स नीट हाताळतं, पण मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट्सवर त्याचा भरवसा धरू नये. स्टीम या गेम्सच्या ॲपमधल्या प्रोटॉन या सोयीमुळे विंडोजचे असंख्य गेम्स चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, त्यांच्या अँटी-चीटमुळे. प्रिंटरमध्ये एचपी आणि नेटवर्कवरून ड्रायव्हरविना छापणारी नवी मॉडेल्स बिनत्रासाची. स्वतःचीच छपाईची भाषा वापरणारे स्वस्त लेझर प्रिंटर त्रास देतात, आणि त्यावर खटपट करण्यापेक्षा लाइव्ह अवस्थेतच पारखून घेतलेलं बरं.

दोन सिस्टिम शेजारी ठेवणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी लागतील. विंडोजमध्ये घड्याळ चुकायला लागेल, कारण मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ दिलं की भांडण मिटतं. आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्येच उघडायला लागलं तर मिंट गेलेलं नसतं, बायॉसमधला बूटचा क्रम बदललेला असतो. तिथे उबुंटू या नावाने दिसणारी नोंद पुन्हा वर घ्या. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने कित्येक मशीनवर लिनक्सचा बूट ‘एसबीएटी’च्या एररने अडवला होता. तसं काही झालं तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून मिंटमध्ये शिरता येतं, सगळी अपडेट्स घेता येतात आणि मग तो पुन्हा चालू करता येतो. विंडोजचं पार्टिशन बिटलॉकरमध्ये असेल तर याही वेळी ती ४८ अंकी की लागेल.